तीन बोटांची फट

१

मी गाडी बोटांनी मोजतो. हसणारे हसतात. दुकानात अलाइनमेंटचं मशीन आहे, त्याला मोठा रंगीत पडदा आहे, पण गाडी आत आली की मी आधी वाकतो आणि चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटं घालून बघतो. चारही कोपऱ्यांत सारखी बोटं गेली तर गाडी सरळ उभी आहे. एका कोपऱ्यात एक बोट कमी गेलं तर तिकडची स्प्रिंग बसलीय, नाहीतर तिकडे वजन आहे. तिसरं कारण नसतं. तीस वर्षं हेच करतोय आणि मशीनने मला एकदाही खोटं पाडलेलं नाही. बायको म्हणते, ह्यांना देवाने हात दिले ते फटीत घालायलाच.

घर दुकानाच्या मागेच आहे. मधल्या दाराशी एक जुना लाकडी बाक आहे. त्याची फळी इतकी झोल खाते की कोणी बसलं की करकर आत स्वयंपाकघरापर्यंत जाते. रिकामा असताना फळी आणि खालची आडवी पट्टी यांच्यात तीन बोटं फट असते. हो, तीही मोजलीय. सवयच तशी. आमची मुलगी बसली की फळी पट्टीला टेकते, कारण ती बसत नाही, आदळते. चार वर्षांची होती तेव्हापासून. म्हणून मी तिला गोणी म्हणतो आणि आता सगळेच म्हणतात. बाक करकरला की बायको आतून, मागे वळूनसुद्धा न बघता विचारते, "आली का गोणी?"

गोणी इंजिनियर झाली. पूल तपासायची नोकरी लागली, चार तासांवरच्या गावात. सोमवारी हजर व्हायचं होतं, म्हणजे रविवारी निघायचं. आणि ती चौथीत असताना मी तिला शब्द दिला होता की पहिली नोकरी लागली की छोटी तुझी.

छोटी म्हणजे माझी दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार. सांगाडा म्हणून आणली होती, पंधरा वर्षं रविवारी रविवारी तिच्यावर काम केलं. बसलं की ढुंगण रस्त्याला टेकतंय असं वाटतं, इतकी बुटकी. मागे सीट नाही. दोन सीटच्या पाठीशी एक वीतभर रुंदीचा कप्पा आहे, त्यात जॅक आणि पाने राहतात, बस्स.

बुधवारी चाकं धुवायला काढली आणि दोन चाकांना बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर दिसली. असं चाक उभ्या गाडीला चालतं, वेगात तुकडे होतात. त्या मॉडेलची चाकं कंपनीने बंद करून वीस वर्षं झाली. गोणी म्हणाली की बसने जाईन, त्यात काय बिघडतं. बिघडतं, मी म्हणालो, आणि उगाचच खेकसलो. खरं सांगायचं तर ती जाणार हेच मला सोसत नव्हतं. ते बोलता येत नव्हतं. चाकांबद्दल बोलता येत होतं.

२

गुरुवारी सकाळी मी चष्म्याकडे गेलो. चष्मा म्हणजे आमचा भंगारवाला. नाव काही वेगळं आहे, पण काच इतकी जाड की नावाची गरजच पडत नाही. आमची दोस्ती जुनी आणि त्या दोस्तीचा एक नियम आहे. माल बघायचा, ठोकून बघायचा, पण तो कुठल्या गाडीतून निघाला, त्या गाडीचं काय झालं, हे विचारायचं नाही. भंगारात सगळेच हा नियम पाळतात. नाहीतर कोणी कोणाच्या गाडीचा दिवासुद्धा विकत घेणार नाही.

दुसऱ्या मॉडेलचं चाक बसवायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बोल्टची भोकं, मधलं मोठं भोक आणि चाक किती आत बसतं तो हिशोब. चष्म्याने मला शेडच्या मागच्या भिंतीशी नेलं. तिथे चार दरवाजांच्या एका साध्या घरगुती गाडीची चार अलॉय चाकं रचून ठेवली होती. मी पट्टी लावली. भोकं जुळत होती. मधलं भोक थोडं मोठं होतं, त्याला लेथवाल्याकडून कडी करून घेतली की झालं. आत बसण्याचा हिशोब तर असा जुळत होता की मलाच हसू आलं.

मला गोणीसाठी चार हवीच होती, पण चष्म्याने ते दोनदा बजावलं. चारच्या चार घे, एकही मागे सोडू नकोस. मी म्हटलं, अरे, तीन चाकांवर पोरीला पाठवू का. तो हसला नाही. त्याने चाकं उचलायला हातही लावला नाही. कंबर धरलीय म्हणाला.

३

त्याच दिवशी दुपारी लेथवाल्याने कड्या दिल्या. नवे टायर घातले, चाकं बॅलन्स केली. मशीनवर एकेक चाक असं फिरलं की शिशाचा एक तुकडासुद्धा चिकटवावा लागला नाही. जुन्या चाकाच्या बाबतीत असं कधी होत नाही. मी खूश झालो.

नट समोरासमोर आवळले. मग प्रत्येक नटावर आणि रिमवर मिळून एक खडूची रेघ ओढली, म्हणजे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. जॅक उतरवला, वाकलो, बोटं घातली. तीन. तीन. तीन. तीन. छोटी पूर्वीपेक्षा देखणी दिसत होती, आणि हे मी म्हणतोय, ज्याला दुसऱ्या गाडीचं काहीही आपल्या गाडीला लावलेलं बघवत नाही.

चक्कर मारायला निघालो. गाडी लोण्यासारखी चालली. फक्त कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर ओलांडताना मागून खर्रकन आवाज आला. टायर मडगार्डला घासल्याचा. हा आवाज मी झोपेत ओळखेन. गाडीत मागे दोन-तीन धष्टपुष्ट पाहुणे भरले की येतो.

छोटीला मागे पाहुणे भरायला जागाच नाही.

मी उतरलो, बोटं घातली. तीन. परत स्पीडब्रेकरवरून नेली. खर्रकन. परत उतरलो. तीन. तिथला इस्त्रीवाला आपलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागला, तेव्हा मी गाडी घरी आणली आणि स्वतःला सांगितलं की टायर नवा आहे, कडा कडक आहेत, चार दिवसांत बसतील.

४

शुक्रवारी सकाळी शटर उघडलं आणि वाकायच्या आधीच कळलं. छोटी मागून बसली होती.

मागे दोन बोटं. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. पुढे तीन-तीन. मी हात पुसला आणि परत मोजलं. मग स्वतःला शिव्या घातल्या. जुन्या स्प्रिंगा, गड्या. पंधरा वर्षांपूर्वी घातल्यास, रात्रीत बसल्या, बसतात. छोटी जॅकवर घेतली, मागच्या स्प्रिंगा काढून टेबलावर उभ्या केल्या, टेप लावली. दोन्ही होत्या तेवढ्याच उंच होत्या, केसाचाही फरक नाही. परत घातल्या. गाडी खाली टेकवली. दोन बोटं.

स्प्रिंग बसलेली नाही, तर वजन आहे. तिसरं कारण नसतं. मी सीटमागचा कप्पा रिकामा केला. जॅक, पाने, एक जुनं फडकं. मागचा बंपर दोन्ही हातांनी धरून वर उचलून पाहिला. ही गाडी मी एका हाताने हलवतो. ती हलली, पण जडपणे, आणि मी सोडल्यावर एकदा नाही, दोनदा डोलली. माणसं भरलेली गाडी तशी डोलते. आधी गाडी डोलते, मग आतली माणसं.

मागच्या छोट्या काचेवर आतून वाफ धरली होती. सगळ्या काचेवर नाही. खाली, कडेला, शेजारी शेजारी दोन ठिकाणी. बशीएवढी. मी बघत होतो तेवढ्यात डावीकडची जरा कमी झाली आणि परत पहिल्याएवढी झाली.

गाडी रात्रभर बंद, सकाळची थंडी, फडकं ओलं असेल. मी हे सगळं मोठ्याने बोललो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. फडकं उचलून दाबून पाहिलं. खडखडीत कोरडं होतं.

त्या दिवशी मी छोटीला परत हात लावला नाही. दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या केल्या, दोन्हींवर चिडलो. जेवताना बायकोने विचारलं की छोटी झाली का तयार. मी म्हणालो, होतेय. गोणी वरणात बोट बुडवून चाखत म्हणाली की बाबा, पुलाचे खांब खचतात तेव्हा आम्ही पण फटीच मोजणार आहोत, फक्त आमच्या पट्टीवर आकडे असतात. एरवी मी त्यावर अर्धा तास भांडलो असतो.

५

शनिवारी सकाळी पुढची एक बाजूही खाली होती. चालवणाऱ्याच्या शेजारची.

मागे दोन, दोन. पुढे शेजारच्या बाजूला दोन. फक्त चालवणाऱ्याच्या कोपऱ्यात तीन. खडूच्या सोळाच्या सोळा रेघा जशाच्या तशा होत्या. छोटी त्या एका कोपऱ्याकडून जरा वर उचललेली दिसत होती. कोणीतरी यायचं बाकी आहे अशी.

मी भित्रा नाही. पण मी बराच वेळ तिच्यापासून चार हात लांब उभा होतो, आणि मी काय मोजत होतो ते मला चांगलं कळत होतं. मग डोकं ताळ्यावर आणलं. अशा गाडीची शेवटची जुळवणी चालवणारा आत बसलेला असतानाच करतात. त्याच्या वजनाने गाडी किती आणि कुठे दबते त्यावर चाकांचे कोन ठरतात. माणूस नसेल तर सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवतात. माझ्याकडे वीस किलोच्या तीन होत्या. तिन्ही चालवणाऱ्याच्या सीटवर ठेवल्या, दार लावलं, वाकलो.

तीन बोटं.

साठ किलो वाळू सीटवर होती. सीटचा फोम दबलेला मला दिसत होता. आणि खालची फट तसूभरही कमी झाली नव्हती.

तेव्हा मी चष्म्याला फोन केला आणि तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. विचारलं, ती चाकं कुठल्या गाडीची रे?

 मागे त्याचं पत्रा दाबायचं मशीन चालू होतं, ते त्याने बंद करायला सांगितलं.

"काढून आण," तो म्हणाला. "आजच."

"मी विचारलं काय, तू सांगतोस काय."

"तू कधी विचारत नाहीस. आज विचारलंस, तेवढं मला पुरे आहे. आणून टाक."

तेव्हाच काढायला हवी होती. दहा मिनिटांचं काम. पण चाकं काढली की छोटी जाणार नव्हती, आणि उद्या पोरगी बसच्या खिडकीतून हात हलवणार होती, आणि पंधरा वर्षांचे माझे सगळे रविवार त्या चिरलेल्या चाकांवर दुकानात पडून राहणार होते. मी स्वतःला म्हणालो, एकदा जुळवणी तर बघू. नाहीच जमलं तर काढू.

६

गोणी चहा घेऊन आली. मी वाळूच्या पिशव्या उतरवत होतो. तिने विचारलं की मी बसू का, चालवणारी तर मीच आहे.

मी नको म्हणालो नाही. हे मी कोणापासून लपवणार नाही. उलट म्हणालो, "बस. तुझ्या वजनावरच जुळवू."

ती बसली. म्हणजे आदळली, नेहमीसारखी. मी चालवणाऱ्याच्या कोपऱ्याशी गुडघ्यावर बसलो होतो, बोटं फटीतच होती. फट हळूहळू मिटत आली. तिसरं बोट मला बाहेर काढावं लागलं.

दोन. दोन. दोन. दोन.

आणि काय सांगू, मला आनंद झाला. छोटी अशी सपाट उभी होती की तिच्या छतावर पाण्याचं भांडं ठेवलं असतं तरी हिंदकळलं नसतं. मशीनचा पडदा चारही बाजूंना हिरवा झाला. तीस वर्षांत चारही बाजू एका फटक्यात हिरव्या झालेल्या मी पाहिल्या नाहीत. कोपऱ्यात थांबलेलं काहीतरी पूर्ण झालं होतं आणि माझ्यातल्या कारागिराला तेवढंच दिसत होतं.

गोणीने आरसा नीट केला. तो तिने जरा जास्तच खाली वळवला. मग सीटखालचा दांडा ओढून सीट दोन घरं पुढे सरकवली, इतकी की तिचे गुडघे स्टिअरिंगला लागले.

"इतकी पुढे कशाला?" मी विचारलं.

"मागच्यांचे पाय अडकतात," ती म्हणाली. अगदी सहज, आरशात बघत.

"कोणाचे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "काय कोणाचे?"

मी तिला उतर म्हणालो. ती म्हणाली, थांब ना, किती उबदार आहे आत. मी दार उघडलं, दंडाला धरलं आणि ओढून बाहेर काढलं. इतक्या जोरात तिला मी लहानपणीसुद्धा कधी धरलं नव्हतं. ती चिडली, दंड चोळत म्हणाली की बाबा, तुला झालंय काय. ती माझ्या शेजारी उभी होती. तिच्या केसांना आवळ्याच्या तेलाचा वास येत होता. मी वाकलो आणि चालवणाऱ्याच्या कोपऱ्यात बोटं घातली.

दोन.

७

चाकं काढायला मला सहा मिनिटं लागली. गोणीला घरात पाठवलं, आणि मी येईपर्यंत दुकानात यायचं नाही असं बजावलं. पहिली तीन चाकं जड होती. अलॉयचं चाक मी एका हाताने उचलतो, ही गुडघा लावून उचलावी लागली. चौथं, चालवणाऱ्याच्या बाजूचं, तितकंच जड होतं आणि कोमट होतं. कोणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची लागते तसं.

चिरलेली जुनी चाकं लावली, छोटी खाली टेकवली. तीन, तीन, तीन, तीन. मी तिथेच फरशीवर बसलो आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडलो. सुटली पोरगी, एवढंच डोक्यात होतं.

चारही चाकं पिकअपमध्ये टाकली आणि चष्म्याकडे निघालो. चार चाकांनी पिकअपची मागची बाजू अशी दबली होती की स्प्रिंगच्या कमानदार पाट्या सरळ झाल्या होत्या. मी ते पाहिलं. बोटं मात्र घातली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मला मोजायचं नव्हतं.

चष्म्याच्या माणसांनी एकेक चाक दोघा-दोघांनी उतरवलं. त्याने चारही आहेत ना विचारलं, मी हो म्हणालो.

"चालवली कोणी?"

"गुरुवारी मी, एक चक्कर. त्यानंतर कोणीच नाही. मुलगी बसली होती फक्त. पाच मिनिटं."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत लावलाच नाही.  तो शेडमध्ये निघून गेला. मी निघालो तेव्हा कोणीतरी गिऱ्हाईक चाकांशी वाकून पट्टी लावत होतं.

घरी आलो तेव्हा ऊन अजून होतं. दुकान झाडलं, खडूचा चुरा पुसला. मनात शब्द जुळवत होतो, गोणीला काय सांगायचं, की बसने जा, छोटीसाठी मी मूळ चाकं शोधून देतो, वर्ष लागलं तरी. माफी मागायची होती दंडाची.

ती बाहेरून आली, दुकानातून थेट मधल्या दाराशी. बसचं तिकीट काढलंय म्हणाली, आता रागावलेली नव्हती. आणि बाकावर बसली. नेहमीसारखी, अंग टाकून.

मी करकर ऐकायची वाट बघत राहिलो.

आतून बायको भांडी लावत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "अहो, गोणी अजून आली नाही का?"

गोणी बाकावर बसून पायातली चप्पल काढत होती. तिने आत बघून सांगितलं की आले ना, केव्हाची. मग माझ्याकडे बघून हसली. तोच चेहरा, तेच हसू, तोच तेलाचा वास.

मी उठलो. तिच्या पायाशी गुडघे टेकले आणि फळी आणि पट्टीच्या मधे बोटं घातली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं.

"बाबा, काय मोजतोयस?"

"काही नाही," मी म्हणालो. "सरळ आहे."